अंगठा

द्वारका चोगले, वय सत्तावन्न.
आतड्याचं ऑपरेशन शिमग्याआधी झालं,
आता फक्त गोळ्या. सकाळी तीन, रात्री तीन,
पोटात अन्न पडल्यावर अर्ध्या तासात.
चौदा दिवस खायच्या, सात दिवस थांबायचं, परत चौदा.
मी हॉस्पिटलची. दर फेरीला हर्णैत येते
आणि उरलेल्या गोळ्या मोजते.

ती डबा पुढे करते. रिकामा.
"संपल्या गो सगळ्या."
दाराशी सोडे वाळतायत,
मांजर राखणीला बसलंय की चोरीला, कळत नाही.

माझ्या कागदावर विचारलंय: गोळी चुकली असल्यास का?
पुढे चौकटी. विसरले. परवडत नाही. त्रास होतो. इतर.
'इतर'पुढे जागा एवढीच
की एक मांदेलीही आडवी मावू नये.

सही येत नाही तिला. मी शाईचं पॅड उघडते.
मागच्या फेरीला उमटला होता नुसता निळा डाग.
तळवे लाल, बोटांची सालं निघालेली,
रेषा कुठे गेल्या म्हणून विचारायची सोय नव्हती.
गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर हे असतं, बारीक अक्षरात.
त्याच महिन्यात रेशनच्या यंत्रानेही तिला ओळखलं नाही.
तीनदा दाबला, फुंकर मारून चौथ्यांदा दाबला.
दुकानदार म्हणाला, मावशे, यंत्र म्हणतं तू ती नाहीस.
मागे रांग होती.
तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

आज अंगठा उमटला,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा
एकाआड एक, बारीक, अख्ख्या रेषा.
मधला भोवरासुद्धा.
आम्ही दोघी बघत राहिलो त्याच्याकडे.
मग ती उठली, मिठाच्या बरणीमागून पुडकं काढलं,
माझ्या मांडीवर ठेवलं.
एकेचाळीस.

"इसरले नाय मी. इसरायला ती काय कुणाची उधारी हाय?
उधाणाला डोल भरून येते, कोलंबी सोलायची कोणी?
मीठ लागलं का हात पेटतात,
बर्फात घातले का निराळे पेटतात.
तेवढे दिवस नाय घेत.
आनि लिलावाआधी पहाटे पोटात काय जातंय?
तुमचा कागद म्हणतो, जेवून."

चंद्र पंधराचा, डॉक्टर एकवीसचा,
मधे ही, दोन हातांनी मेळ घालत.

त्रास होतो, लिहू?
"त्रास कसला, काम हाय."
परवडत नाही?
गोळ्या तर योजनेतून फुकट.
परवडत नाहीत ते दिवस, पण त्याला चौकट नाही.

मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?

बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.
ती थांबेपर्यंत ही बोलली नाही.
"तो मला हुशार पेशंट म्हणतो.
सगळ्यांच्या देखत म्हणाला, या द्वारकाबाईंकडून शिका.
माज्या बापाने नाय म्हटलं कधी असं.
नवऱ्याने तर नायच."

मी तिला सांगितलं, डोस कमी करता येतो,
हातांना मलम असतं,
तारखा पुढेमागे होतील का तेही विचारता येतं,
सांगितलं तर.
'सांगितलं तर' मी दोनदा म्हटलं
आणि दुसऱ्यांदा माझं मलाच ऐकवेना.
चारही चौकटी कोऱ्या ठेवून कागद उलटा केला,
मागे लिहिलं: अमावास्या कधी?

"तूच सांग त्याला," ती म्हणाली,
"पण माजं नाव हुशारांतून काढू नको म्हणावं."

निघताना ती उंबऱ्यात बसून अंगठा घासत होती,
आधी पदराला, मग खोबरेल लावून, मग ओल्या वाळूने.
मागच्या वेळी एका पुसण्यात निघाली होती शाई.
आज निघत नव्हती.
रेषांत जाऊन बसली होती.